उरलेली नाडी

सातव्या आठवड्यात वजनकाटा मी
पलंगाखाली सरकवून दिला.
त्याला काय कळतं,
त्यात दूध किती, पाणी किती,
किती रात्रींची थकलेली झोप.
तेव्हापासून मोजते सलवारीच्या नाडीवर.
गाठ मारल्यावर किती उरते, एवढंच.
पहिल्यांदा बांधली तेव्हा
उरली होती दोन बोटं,
सुरगाठ बसता बसेना.

आईनं सिन्नरहून तीन डबे धाडले होते:
डिंकाचा, अळिवाचा, मेथीचा.
"हाडं भरून आली पाहिजेत," म्हणाली.
हाडं भरली.
मग हाडांवरचं भरलं, दंड भरले,
हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आली,
तिला माझी मुलगी मुठीत धरून झोपते.
ती मात्र कुणी कमी करू नये
असं वाटतं कधी कधी.

कॉलेज रोडच्या डाएटवाल्या बाईंनी कागद दिला.
भिजवलेले बदाम चार, भाकरी एक,
तूप चमचाभर, भाजी हवी तेवढी,
आणि मिसळीपुढे नुसती फुली.
"नाशकात राहून?" मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.

डॉक्टर हो म्हणाल्यावर मग पांडवलेणी.
मुलीला पाजायचं,
सासूबाईंच्या उबेत अलगद सरकवायचं,
दार ओढून घेताना कडीचा आवाज गिळायचा.
पहिल्या दिवशी चाळीस पायऱ्या.
टाक्यांच्या जागी आतून
कुणी दोरा ओढतंय असं वाटलं, बसले.
बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ
काठी टेकत पुढे गेले,
"होतंय, होतंय," म्हणाले मागे न बघता.
दुसऱ्या दिवशी बावन्न.
संक्रांतीच्या आठवड्यात शून्य, आणि तिळाच्या वड्या.
मग पुन्हा चाळीसपासून.

एका रविवारी उशिरा निघाले,
लेणी उघडल्यावर, ऊन वर आल्यावर.
त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्या पायऱ्या चढले,
मोजायला विसरले शेवटी शेवटी.
धापा टाकत उभी होते,
खाली हायवे, ट्रक काडेपेट्यांएवढे,
आणि आतल्या अंधारात
कुणाचं तरी बाळ रडलं.

माझं नव्हतं ते. शरीराला कुठं सांगता येतं?
पान्हा फुटला.
कुर्ता भिजला, ओढणी पुरेना,
शिरले दगडी खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसले.
इथे कधीकाळी भिक्खू राहायचे,
सगळं सोडून आलेले, दगडाच्या बाकावर निजणारे.
आणि मी त्यांच्या बाकावर,
काहीच न सुटलेली, नुसती वाहणारी.

ती आली मागून. मालेगावची, शमीम नाव.
बाळ खांद्यावर, अजून हुंदके देणारं.
काही विचारलं नाही तिनं,
पिशवीतून कोरडं दुपटं काढून दिलं,
हिरव्या पोपटांचं.
"कितवा महिना?"
"पाचवा लागलाय."
"हिला चौथा."
मग दोघींनी एकमेकींच्या पोटाकडे पाहिलं
आणि अशा हसलो की
गाइड खोलीत डोकावून गेला.

दुपटं परत द्यायचं राहिलं.
पत्ता विचारायचाही राहिला.
उतरताना गुडघे लटलटत होते,
पायथ्याशी काकडी घेतली, मीठ न लावता,
चार पावलं गेले, परत फिरले,
मीठ लावून घेतलं.

मेथीचा डबा अजून अर्धा आहे.
रोज एक चतकोर लाडू खाते,
कडू लागतो, चांगला लागतो.

आज अंघोळीनंतर गाठ मारली,
उरलेली नाडी हातात घेऊन बघितली,
वीतभर असावी, किंवा थोडी कमी.
नीट मोजणार होते.
तेवढ्यात मांडीवरच्या बाईंनी ती पकडली,
ओढली,
तोंडात घातली.